संदेष्टा हे कोणाविषयी बोलतोय? मशीहाच्या भाकितांवर ज्यू आणि ख्रिस्ती कुठे वेगळे होतात

नाताळ जवळ आला की चर्चमध्ये यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक उतारा हमखास वाचला जातो. आमच्यासाठी बाळ जन्मलं आहे, आम्हाला पुत्र दिला आहे, त्याच्या खांद्यावर सत्ता राहील, अशा अर्थाचा. हे शब्द येशूच्या जन्माआधी सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या काळातले. ते ज्यूंच्या भाषेत आणि ज्यूंच्याच ग्रंथात लिहिलेले. येशू स्वतः ज्यू, त्याची आई ज्यू, बाराही शिष्य ज्यू. मग ज्यांच्या घरचा ग्रंथ, त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याला मशीहा का मानलं नाही? इस्रायलच्या बातम्यांत 'मशीहा' हा शब्द आला की हा प्रश्न पुन्हा विचारला जातो.

त्यावर सर्रास दोन उत्तरं ऐकू येतात. ज्यू हट्टी होते, समोर दिसत असून त्यांनी पाहिलं नाही, हे एक. ख्रिस्त्यांनी दुसऱ्याचा ग्रंथ घेतला आणि हवा तसा वाकवला, हे दुसरं. दोन्ही अन्यायकारक आहेत. पहिल्या उत्तराने तर युरोपातल्या ज्यूंना शतकानुशतकं छळलं. स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलवर तेराव्या शतकात कोरलेल्या दोन स्त्रीमूर्ती होत्या. आता त्या तिथल्या संग्रहालयात आहेत आणि कॅथेड्रलवर त्यांच्या प्रतिकृती आहेत. एक चर्चची, मुकुट घातलेली आणि ताठ मानेची. दुसरी ज्यूंच्या सिनागॉगची, म्हणजे प्रार्थनास्थळाची, हातात मोडका भाला आणि डोळ्यांवर पट्टी. ज्यूंना आपलाच ग्रंथ दिसत नाही, हे ती मूर्ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत उभी होती.

ग्रंथ उघडून बसलं तर वेगळं चित्र दिसतं. दोघंही नीट डोळे उघडून वाचतात. मात्र ज्यू पहिल्या पानापासून पुढे येतात आणि ख्रिस्ती येशूपासून मागे जातात. बाकीचे बहुतेक मतभेद यातूनच निघतात.

मशीहा म्हणजे मुळात कोण?

मशीहा म्हणजे अभिषिक्त, डोक्यावर तेल ओतून नेमलेला माणूस. ग्रीक भाषेत त्याचाच 'ख्रिस्त' झाला. प्राचीन इस्रायलात राजा आणि मुख्य याजक यांना असा अभिषेक होई. शमुवेल संदेष्टा बेथलेहेमला इशायच्या घरी गेला. मेंढरं राखायला गेलेल्या धाकट्या मुलाला त्याने बोलावून घेतलं आणि भावांच्या देखत त्याच्यावर तेलाचं शिंग रिकामं केलं. तो दावीद, पुढे इस्राएलचा राजा झालेला. तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथसंग्रहात (ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात), 'अभिषिक्त' हा शब्द बहुतेक ठिकाणी अशा हयात राजांसाठी किंवा याजकांसाठीच येतो. यशयाच्या ४५व्या अध्यायात तर तो कोरेश या पारसीक सम्राटासाठी आला आहे. तो ज्यू नव्हता, पण बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून ज्यूंना सोडवणार होता.

मग 'येणारा मशीहा' ही कल्पना आली कुठून? नाथान संदेष्ट्याने दावीदाला देवाचं वचन सांगितलं होतं की तुझं सिंहासन सदासर्वकाळ टिकेल. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, राजाला आणि लोकांना धरून नेलं. सिंहासनच राहिलं नाही. देवाचं वचन तर खोटं ठरू शकत नाही, मग ते पुढे कधीतरी पुरं होईल, या विश्वासाने लोकांनी जुनी वचनं पुन्हा वाचली. इशायच्या बुंध्याला धुमारा फुटेल, तो गरिबांचा न्याय करेल, लांडगा कोकराजवळ राहील. लोक तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील. पांगलेले इस्राएली परत येतील. यशया, मीखा, यहेज्केल यांच्या ग्रंथांतली ही चित्रं हळूहळू एका येणाऱ्या राजाभोवती गोळा झाली.

येशूच्या काळापर्यंत या अपेक्षेला एकच साचा नव्हता. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांवरून कळतं की तिथल्या पंथाला दोन मशीहांची प्रतीक्षा होती, एक याजक आणि एक राजा. त्यामुळे ज्यूंकडे मशीहाच्या खुणांची पक्की यादी तयार होती आणि येशूला ती लावून पाहायची तेवढी बाकी होती, असं समजणं चूक आहे.

ग्रंथ तेच, शेवट वेगळा

प्रोटेस्टंट बायबलातला जुना करार ३९ पुस्तकांचा आणि तनाख २४ पुस्तकांचा. मजकूर तोच आहे, मोजणी वेगळी. लावण्याचा क्रमही वेगळा आहे, आणि त्याने बराच फरक पडतो.

तनाख संपतो इतिहासाच्या पुस्तकावर. शेवटच्या ओळीत कोरेश राजा फर्मान काढतो: ज्याला यरुशलेमला परत जायचं आहे त्याने जावं, त्याचा देव त्याच्याबरोबर असो. म्हणजे गोष्ट थांबते ती घरी परतण्याच्या हाकेवर. ख्रिस्ती जुना करार संपतो मलाखी संदेष्ट्यावर: परमेश्वराचा मोठा दिवस येण्याआधी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. पुढचं पान उलटलं की नव्या करारातलं येशूचं पहिलं चरित्र, म्हणजे मत्तयाचं शुभवर्तमान, सुरू होतं, तेही दावीदापासून येशूपर्यंतच्या वंशावळीने. तिसऱ्या अध्यायात एलीयासारखाच केसाळ वस्त्र आणि कातडी पट्टा ल्यालेला, बाप्तिस्मा देणारा योहान येतो, आणि अकराव्या अध्यायात येशू सांगतो की येणारा एलीया तो हाच. या क्रमाने वाचणाऱ्याला सगळा जुना करार पुढच्या पानाकडे बोट दाखवताना दिसतो. दानीएलचं पुस्तकही ख्रिस्ती क्रमात संदेष्ट्यांत आहे. ज्यू ते 'लेख' या तिसऱ्या भागात ठेवतात, संदेष्ट्यांमध्ये धरत नाहीत.

ज्यूंची कसोटी: जग बदललं का?

ज्यूंचा मुख्य प्रश्न साधा आहे. मशीहा आला की युद्धं थांबतील, पांगलेले घरी येतील, मंदिर उभं राहील, सगळी पृथ्वी देवाला ओळखेल, असं संदेष्टे सांगतात. हे घडलं का? येशूनंतर चाळीसेक वर्षांत, इ.स. ७० मध्ये, रोमनांनी बंदिवासानंतर पुन्हा बांधलेलं दुसरं मंदिरही जमीनदोस्त केलं.

ही कसोटी खास येशूसाठी बनवलेली नाही, हे लक्षात घ्यायला हवं. इ.स. १३२ ते १३५ या काळात शिमोन बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केलं. परंपरा सांगते की रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवासारख्या थोर पंडिताने त्याला मशीहा मानलं होतं. बंड चिरडलं गेलं, बार कोखबा मारला गेला, आणि विषय तिथेच संपला. सतराव्या शतकात शब्बताई झ्वीच्या मागे येमेनपासून पोलंडपर्यंतचे ज्यू वेडे झाले होते. १६६६ मध्ये तुर्की सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि मागे उरली ती भयंकर निराशा.

बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित मैमोनिदेस याने ही कसोटी नेमक्या शब्दांत मांडली. मशीहाने चमत्कार दाखवायची गरज नाही. दावीदाच्या वंशातला राजा उभा राहिला, त्याने लोकांना तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, पाळायला लावलं, मंदिर बांधलं, पांगलेल्यांना गोळा केलं, तर तोच मशीहा. तो यशस्वी झाला नाही किंवा मारला गेला, तर तो नव्हे. दावीदाच्या घराण्यातल्या इतर सज्जन राजांसारखाच तोही एक. या चौकटीत मशीहा माणूसच असतो. तो देव असणं किंवा देवाने माणूस होणं ज्यूंच्या एकेश्वरनिष्ठेत बसतच नाही, आणि माझ्या मते कुठल्याही एका वचनापेक्षा हाच खरा मोठा अडसर आहे.

ख्रिस्ती मागे वळून वाचतात

येशूच्या शिष्यांचीही अपेक्षा मुळात हीच होती. लूकच्या शुभवर्तमानात, येशूला क्रुसावर दिल्यानंतर दोन शिष्य अम्माऊस गावाकडे खिन्न होऊन चाललेले आहेत. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला ते सांगतात: इस्राएलाची सुटका करणारा हाच, अशी आम्हाला आशा होती. आशा होती, म्हणजे आता उरलेली नाही. त्यांच्याही हिशेबात मारला गेलेला मशीहा बसत नव्हता.

मग त्यांना तो जिवंत भेटल्याचा अनुभव आला, आणि त्यांनी आपला ग्रंथ नव्याने उघडला. एखादं नाटक दुसऱ्यांदा पाहताना पहिल्या अंकातलं साधं वाक्यही अंगावर येतं, कारण शेवट ठाऊक असतो. तसं त्यांचं झालं. दुःख सोसणाऱ्या नीतिमानाची स्तोत्रं, नाकारलेल्या दगडाचं वचन, गाढवावरून येणारा नम्र राजा, सगळीकडे त्यांना येशू दिसू लागला. राहिलेलं काम, म्हणजे शांती आणि न्याय, तो परत येईल तेव्हा पुरं करेल. दोन आगमनांची कल्पना इथून आली. ज्यू विचारतात की दोनदा येणार असं मूळ ग्रंथात कुठे आहे? ख्रिस्ती सांगतात की दुःख सोसणारा आणि राज्य करणारा अशी दोन्ही चित्रं ग्रंथातच आहेत, आणि एकाच व्यक्तीत ती बसतात ती अशीच.

या वाचनाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण होशेय संदेष्ट्याच्या ११व्या अध्यायात आहे. 'मी माझ्या पुत्राला मिसरातून (इजिप्तातून) बोलावलं,' असं देव म्हणतो. तो पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र, हे त्याच ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागात लिहिलेलं आहे. पुढच्या ओळीत तर या पुत्राने मूर्तींपुढे धूप जाळल्याची तक्रार आहे. बाळ येशू मिसरातून परतला तेव्हा हे वचन पूर्ण झालं, असं मत्तय लिहितो. मत्तयाला मागचंपुढचं माहीत नव्हतं का? नक्कीच होतं. इस्राएलची अख्खी कहाणी येशू पुन्हा जगतो आहे, असं त्याला म्हणायचं आहे. त्याच्या लेखी 'पूर्ण होणं' म्हणजे जुन्या आकृतीत नवा अर्थ भरून येणं. 'अमुक घडेल' असं कोणी सांगितलं आणि तमुक साली ते घडलं, या हिशेबाने मत्तयाला वाचलं की त्याच्यावरही अन्याय होतो.

वादाचा गाभा: यशयाचा ५३वा अध्याय

नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आफ्रिकेतल्या कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून यशया वाचत चालला आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प त्याला विचारतो, वाचता ते समजतं का? तो उलट विचारतो: संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? त्याच्या हातात होता तो हाच अध्याय, आणि दोन हजार वर्षांच्या वादातला याहून नेमका प्रश्न मला दुसरीकडे सापडलेला नाही.

अध्यायात देवाचा एक 'सेवक' आहे. त्याला रूप नाही, मान नाही. लोकांनी त्याच्यापासून तोंड फिरवलं. तो आमच्या अपराधांसाठी घायाळ झाला, वधाला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिला, दुष्टांमध्ये त्याची कबर झाली, आणि शेवटी देवाने त्याला उंच केलं. ख्रिस्ती माणसाला इथे कोणी समजावून सांगावं लागत नाही. क्रूस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

ज्यू वाचक मात्र आधीच्या अध्यायांपासून वाचत आलेला असतो. ४१व्या अध्यायात देव म्हणतो, 'हे इस्राएला, माझ्या सेवका.' ४४व्यात तेच, ४९व्यात पुन्हा: 'तू माझा सेवक इस्राएल आहेस.' म्हणून ५३व्यातला सेवकही इस्राएलच. मग 'आम्ही त्याला तुच्छ मानलं' हे बोलतं कोण? त्याच्या लगेच आधी अवाक होऊन तोंड मिटणारे परराष्ट्रांचे राजे आहेत. ज्यांना आपण तुडवलं ते निर्दोष होते, हे त्यांना उमगलं आहे. मध्ययुगातला सर्वांत मोठा भाष्यकार राशी (१०४०–११०५) असंच वाचतो. त्याच्याच हयातीत, १०९६ मध्ये, धर्मयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाईनकाठच्या ज्यू वस्त्या कापून काढल्या. गप्प राहून वधाला गेलेलं कोकरू कोण, हे त्या पिढीला वेगळं शोधावं लागत नव्हतं.

पण हा अर्थ राशीने पहिल्यांदा काढला, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन लिहून ठेवतो की ज्यूंशी वाद करताना त्याला हेच उत्तर मिळालं होतं. 'ज्यूंनी हा अध्याय कधीच मशीहाशी जोडला नाही' हेही तितकंच चूक. यशयाचा जो जुना अरामी अनुवाद सिनागॉगमध्ये चाले, त्यात या सेवकाला स्पष्ट मशीहा म्हटलं आहे. मात्र सगळं दुःख तिथे त्याच्यावरून काढून इतरांवर टाकलं आहे. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहातही मशीहाचं नाव काय, या चर्चेत ५३व्या अध्यायातलं एक वचन आलं आहे.

ख्रिस्त्यांचा आक्षेपही दुबळा नाही. सेवक निर्दोष आहे, आणि इस्राएलला तर हाच यशया सतत पापाबद्दल झापतो. ४९व्या अध्यायात सेवकाला इस्राएललाच परत आणायचं काम दिलेलं आहे. मग तो इस्राएल कसा? हा ताण मजकुरातच आहे. सेवक कधी अख्खं राष्ट्र वाटतो, कधी राष्ट्रातला विश्वासू गट, कधी एकटा माणूस. अनेक आधुनिक अभ्यासक हा भाग बाबेलच्या बंदिवासाच्या काळात, इ.स.पू. सहाव्या शतकात ठेवतात. तरी सेवकाच्या ओळखीवर त्यांचंही एकमत झालेलं नाही.

कुमारीच्या पुत्राचं काय?

यशयाच्या ७व्या अध्यायावर भांडण जास्त होतं, पण गुंता तेवढा नाही. इ.स.पू. ७३५च्या सुमारास यहूदाचा राजा आहाज दोन शेजारी राजांच्या हल्ल्याने घाबरलेला आहे. यशया त्याला खूण देतो: एक तरुणी पुत्राला जन्म देईल, आणि त्या मुलाला बरंवाईट कळू लागायच्या आत त्या दोन राजांचे देश ओस पडतील. ७३२ मध्ये अश्शूरच्या साम्राज्याने दमास्कस, म्हणजे त्यातल्या एका राजाची राजधानी, घेतलं. म्हणजे खूण आहाजच्या हयातीतली, असं ज्यू म्हणतात. येशूच्या आधीच ज्यूंनी केलेल्या ग्रीक अनुवादात 'तरुणी'च्या जागी 'कुमारी' असा अर्थ देणारा शब्द आला होता, आणि मत्तयाने तोच अनुवाद वापरला. खूण आहाजच्या काळातही खरी ठरली आणि पुढे येशूत तिचा पूर्ण अर्थ उलगडला, असं आज बरेच ख्रिस्ती अभ्यासक मानतात.

'ज्यूंनी मजकूर बदलला असेल'

हा आरोप जुना आहे. १९४७ पासून कुमरानला सापडलेल्या गुंडाळ्यांनी त्यातली हवा बरीच काढून घेतली. तिथली यशयाची मोठी गुंडाळी येशूच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. तिच्यात ५३वा अध्याय आहे, आणि किरकोळ फरक सोडले तर आज सिनागॉगमध्ये वापरतात तोच. वाद अर्थावर आहे, अक्षरांवर फारसा नाही.

'इतक्या गोष्टी योगायोगाने जुळतील का?'

योगायोग कोणीच म्हणत नाही. शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांना हा ग्रंथ पाठ होता आणि त्याच्याच भाषेत त्यांनी येशूची कहाणी सांगितली. जखऱ्या संदेष्ट्याच्या वचनात राजा 'गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर' येतो. हिब्रू कवितेच्या रीतीप्रमाणे एकच गोष्ट दोनदा सांगितलेली. मार्कच्या शुभवर्तमानात येशूसाठी एकच शिंगरू आणतात. मत्तयाकडे गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरं येतात आणि शिष्य दोन्हींवर कपडे घालतात. लिहिताना जखऱ्याचं वचन त्याच्या डोळ्यांपुढे होतं, हे उघड आहे. याचा अर्थ घटना रचलेली आहे असं ज्यू टीकाकार म्हणू शकतो. ख्रिस्ती म्हणेल की येशूलाही ते वचन ठाऊक होतं आणि त्याने गाढव मुद्दामच निवडलं.

समोरासमोर बसून निकाल लागला असता का?

तोही प्रयोग झाला. १२६३ मध्ये बार्सिलोनात अरागॉनचा राजा जेम्स पहिला याच्या दरबारात रब्बी नाखमानिदेसला वादाला उभं केलं. समोर होता पाब्लो क्रिस्तियानी, ज्यू घरात जन्मून ख्रिस्ती झालेला धर्मगुरू. नाखमानिदेसने नंतर लिहिलेल्या वृत्तांतात त्याचा युक्तिवाद सापडतो. येशूपासून आजवर जग हिंसा आणि लुटीने भरलेलं आहे, असं म्हणून तो राजालाच सांगतो: महाराज, माणसं युद्ध शिकायचीच थांबली तर तुमचं आणि तुमच्या सरदारांचं किती अवघड होईल! त्याच्याच म्हणण्याप्रमाणे राजाने त्याला तीनशे दिनार देऊन निरोप दिला. पण धर्मगुरूंनी पाठ सोडली नाही. त्याला स्पेन सोडावा लागला आणि १२६७ मध्ये तो यरुशलेमला पोचला. ज्या वादात हरणाऱ्यापेक्षा चांगलं बोलणाऱ्याला जास्त भोगावं लागतं, त्यातून ग्रंथाच्या अर्थाचा निकाल कसा लागणार?

कोकणातली एक खरीखुरी गोष्ट

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची प्रार्थना टिकली होती, पण हिब्रू ग्रंथ वाचणारे फारसे उरले नव्हते. १८२९ मध्ये मुंबईला आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जुना करार मराठीत हाती दिला. ही माणसं आपला ग्रंथ वाचतील आणि त्यात त्यांना येशू दिसेल, अशी त्यांची आशा होती. बेने इस्रायलांनी ग्रंथ मनापासून वाचला. ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. बहुतेक जण वाचून अधिक पक्के ज्यू झाले. त्यांच्यावर जबरदस्ती नव्हती, मिशनऱ्यांबद्दल रागही नव्हता. पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला हा ग्रंथ कसा दिसतो, त्याचा याहून प्रामाणिक पुरावा मला माहीत नाही.

मलाखीने ज्याचं नाव घेतलं तो एलीया या समाजात आजही घरच्या माणसासारखा आहे. नवस फेडताना, शुभकार्याच्या वेळी मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, स्तवन. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. ख्रिस्त्यांसाठी एलीया योहानाच्या रूपाने येऊन गेला. ज्यूंसाठी तो अजून यायचा आहे, आणि त्याच्या मागून मशीहा.

मग आज दोघं कुठे उभे आहेत?

१९६५ मध्ये व्हॅटिकनने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवणं अधिकृतपणे नाकारलं. २००१ मध्ये त्यांच्याच बायबल आयोगाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: ज्यूंचं मशीहाची वाट पाहणं व्यर्थ नाही, आणि ज्यू आपला ग्रंथ जसा वाचतात ते वाचनही शक्य आणि सुसंगत आहे. पट्टी बांधलेल्या त्या मूर्तीनंतर हे यायला साडेसातशेहून अधिक वर्षं लागली. मतभेद मिटलेला नाही, मिटण्याची चिन्हंही नाहीत.

ज्यांना हे स्वतः पाहायचं आहे त्यांनी मराठी बायबल घ्यावं आणि यशयाचा ४०वा अध्याय काढून थेट ५५व्यापर्यंत सलग वाचावं. मग प्रेषितांची कृत्येचा ८वा अध्याय वाचावा. दुसऱ्या दिवशी हाच क्रम उलटा करावा, आधी कृत्ये आणि मग यशया. शब्द तेच असतील, पण ५३व्या अध्यायातला 'तो' कोण, याचं उत्तर दोन्ही दिवशी सारखंच येतं का, ते पाहावं.